चारांतलं एक आजारी हवं

आमच्या धंद्यात रोग आला की लोक खूश होतात. तशी डॉक्टर मंडळीही होत असतील, पण ती तोंडावर दाखवत नाहीत. आम्ही उघड दाखवतो. गव्हावर तांबेरा यावा म्हणून आम्ही शेताच्या कडेने मुद्दाम एक नाजूक जात लावतो. तिच्यावर रोगाची तांबडी पूड फवारतो, संध्याकाळी पाणी मारून पानं ओली ठेवतो आणि देव पाण्यात घालून बसतो. महिन्याभरात सगळं शेत गंजलं की चिमटेकाका कमरेवर हात ठेवून म्हणतात, "वा! काय झकास रोग आलाय यंदा!" त्या गंजलेल्या शेतात एखादंच झाड हिरवंगार उभं दिसलं, तर आम्हाला आभाळ ठेंगणं होतं.

त्या वर्षी असं एक झाड उभं होतं, आणि त्याच्या बापाचा पत्ता नव्हता. चूक माझी होती.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे चूक नीट कळेल. मी गहू पैदासकार. नव्या जाती घडवणं हे माझं काम. पण या विद्येची सुरुवात माझी कुठल्या प्रयोगशाळेत झाली नाही, आत्याच्या ब्यूटी पार्लरमध्ये झाली. आईवडील नोकरीपायी गावोगाव फिरायचे, म्हणून मी आत्याकडे वाढले. शाळा सुटली की तिच्या दुकानात बसायचे आणि बायकांच्या भुवया चिमट्याने कोरायचे. सतराव्या वर्षी सुट्टीत गहू संशोधन केंद्रात हंगामी कामाला माणसं हवीत असं कळलं. मुलाखत चिमटेकाकांनी घेतली. ते तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. खरं नाव कुणाला आठवत नाही, त्यांच्या वरच्या खिशात कायम तीन चिमटे असतात. बाकीच्यांना त्यांनी गुण विचारले. मला एक ओंबी दिली आणि म्हणाले, "या फुलातले परागकोश काढून दाखव. तीन असतात. एकही फुटता कामा नये."

मी काढले. त्यांनी भिंग लावून पाहिलं.

"कुठे शिकलीस?"

"भुवया कोरते."

"उद्यापासून ये," ते म्हणाले.

त्या सुट्टीपासून मी जी अडकले ती आजतागायत. वनस्पतिशास्त्राची पदवी, मग आनुवंशिकीत पुढचं शिक्षण, मग डॉक्टरेट, आणि मग अकरा वर्षं कंत्राटावर त्याच केंद्रात. दर वर्षअखेरीला कागदावर सही करायची आणि पुढचं वर्ष भीक मागितल्यासारखं मागून घ्यायचं. आत्या म्हणायची, "डॉक्टर झालीस आणि औषध कुणाला देत नाहीस. गवत कुरवाळत बसतेस."

आता चूक. गव्हाचं फूल मोठं स्वयंभू असतं, स्वतःचं लग्न स्वतःशीच लावून मोकळं होतं. म्हणून दोन जातींचा संकर करायचा, तर एका ओंबीतल्या फुलांचे परागकोश पिकायच्या आत काढायचे, तिच्यावर कागदी पिशवी चढवायची, दोन दिवसांनी दुसऱ्या जातीचा पराग आणून आत सोडायचा आणि देठाला चिठ्ठी बांधायची. आई कोण, बाप कोण, तारीख काय. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. हा नियम चिमटेकाका नव्या माणसाला नाव विचारायच्याही आधी सांगतात, कारण शाई उन्हात उडते, पेन्सिलीचं शिसं उडत नाही. आणि अकरा वर्षांची अनुभवी मी, मी एक चिठ्ठी पेनने लिहिली.

त्या दिवशी मी सहा ओंब्यांना सहा वेगवेगळ्या बापांचा पराग दिला होता. पाच चिठ्ठ्या झाल्या आणि पेन्सिल हातातून सुटून जमिनीच्या भेगेत गेली. खिशात हजेरीवर सही करायचं पेन होतं. संध्याकाळी येऊन बदलू म्हटलं. संध्याकाळी कंत्राटाचा कागद आला, त्या नादात विसरले ती विसरलेच. ओंबी पिकून काढायला गेले तेव्हा चिठ्ठी धुतल्यासारखी पांढरी.

एरवी मी स्वतःला चार शिव्या घालून पुढे गेले असते. पण त्या सहा बापांतला एक साधा नव्हता. डोंगरातला एक जुना गहू होता तो. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी गोळा करून बियाणेपेढीत ठेवलेला, आणि मग सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला. तिथल्या टिपणात एकच ओळ होती: याच्यावर तांबेरा पाहिलेला नाही. पाकिटातल्या दाण्यांपैकी तीनच उगवले. त्यांनी पराग दिला आणि दाणे भरायच्या आत उन्हाच्या झळेने ती रोपं वाळली. पाकीट रिकामं, रोपं मेली. त्या गव्हाचं या जगात आमच्या माहितीत जे काही उरलं असेल, ते त्या कोऱ्या चिठ्ठीच्या ओंबीत होतं. त्या ओंबीत सात सुरकुतलेले दाणे निघाले, त्यांतला एक उगवला, आणि तो मी तांबेऱ्याच्या शेताच्या कोपऱ्यात लावला.

तेच ते हिरवं झाड.

मी धावत विभागप्रमुखांकडे गेले. त्यांना आम्ही पाठीमागे पुरावेसाहेब म्हणतो. कुणी "साहेब, बाहेर ऊन आहे" म्हटलं तरी ते "पुरावा?" म्हणतील अशातला माणूस. माणूस वाईट नाही, फक्त त्यांच्यासमोर आनंद करता येत नाही. ते शेतात आले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या हातातली कोरी चिठ्ठी घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"हे पेनने कुणी लिहिलं?"

चिमटेकाका आभाळाकडे बघायला लागले. सावरून घ्यायची त्यांची ती रीत होती. चिठ्ठ्यांचं खातं त्यांचं, निवृत्तीला वर्ष उरलेलं, बोल त्यांनी आपल्यावर घेतला असता.

"मी," मी म्हणाले. "पण साहेब, नोंदवहीत सहा संकर आहेत, पेन्सिलीच्या चिठ्ठ्या पाच सापडल्या. म्हणजे हा सहावा. डोंगरी गव्हाचा."

"वजाबाकी म्हणजे पुरावा नव्हे, मॅडम. हे झाड कोपऱ्यात आहे. वाऱ्याने रोग तिथपर्यंत पोचलाच नसेल, नुसतं नशिबाने वाचलं असेल. किंवा हा आपला पहिलवान असेल."

पहिलवान म्हणजे आमची जुनी रोगरोधक जात. तुलनेसाठी ती प्रत्येक शेतात लावतात, त्यामुळे तिचे दाणे केंद्रात सगळीकडे. चाळणीत सापडतात, झाडूत सापडतात, एकदा माझ्या डब्यातल्या भातातही सापडला होता. दिसायला पहिलवान आणि डोंगरी सख्खे भाऊ. एक दाणा चुकून पाकिटात पडला असेल, तर माझं हिरवं झाड म्हणजे घरचाच जुना पाहुणा. त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. पहिलवानाचा जनुक गेली तीस वर्षं सगळ्या जातींत वापरून झालाय, आणि दोन ठिकाणी नव्या तांबेऱ्याने त्यालाही लोळवायला सुरुवात केली होती. आम्हाला नवा हवा होता.

आज पानाचा तुकडा यंत्रात घातला की दोन दिवसांत बाप कोण ते कळतं. तेव्हा आमचं ते यंत्र आलेलं होतं, पण खोक्यात. ते जोडणारा माणूस यायचा होता. तो पाच महिने येतच होता.

"झाडाचे दाणे पेरा," पुरावेसाहेब म्हणाले. "रोपांना काचघरात रोग द्या. सगळी आजारी पडली तर झाड नशिबवान होतं. एकही पडलं नाही तर तो पहिलवान. खरा संकर असेल, तर चारांतलं एक आजारी पडेल आणि तीन वाचतील. तसं झालं तर नव्या प्रकल्पाची कायमची जागा आहे, मी तुमचं नाव देतो. नाही झालं, तर वर्षअखेरीला तुमचं कंत्राट संपतंय, ते मला वाढवता येणार नाही."

जाता जाता वळून म्हणाले, "शुभेच्छा." इतकं भावनाविवश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चारांतलं एक. हे आनुवंशिकीच्या पहिल्या धड्यातलं गणित. बापाने रोग परतवणारा एक जनुक दिला, आईने न परतवणारा. लेकराकडे दोन्ही, म्हणून लेकरू वाचतं. पण त्या लेकराच्या पोरांत वाटणी होते, आणि चारांतल्या एकाच्या वाट्याला दोन्हीकडून रिकामं पाकीट येतं. ते बिचारं आजारी पडतं. ते बिचारंच माझा पुरावा होतं.

झाडाने पंचेचाळीस दाणे दिले. मी सगळे पेरायला निघाले होते. चिमटेकाकांनी हात धरला. "पोरी, सगळी पुंजी एका खेळात लावू नये. पाच ठेव." पाच ठेवले, चाळीस पेरले, अडतीस उगवले. पहिलं पान बोटभर झालं तेव्हा मी रोगाची पूड फवारली, ट्रे एक रात्र ओलसर पेटीत झाकून ठेवला, सकाळी काचघरात बाकावर मांडला आणि दिवस मोजायला लागले.

घरी आत्याचंही मोजणं चालू होतं. तिचं मनगट गेलं वर्षभर दुखत होतं, चिमटा धरवत नव्हता. शेजारच्या औषधवाल्याला दुकान वाढवायचं होतं, तो तिची जागा विकत मागत होता. महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

"त्याला देऊन टाकायला माझं मन होत नाही," आत्या जेवताना म्हणाली. "तू बसणार असशील तर देत नाही. तुझा हात गिऱ्हाइकं अजून विचारतात. आणि तिथे दर वर्षी सही नाही करावी लागणार कुणाच्या दारात."

"आत्या, थोडं थांब ना. रोपं आहेत माझी."

"मग रोपांना काय झालं?"

"अजून काही नाही. त्यातली काही आजारी पडायला हवीत."

आत्याने भाजी वाढता वाढता डाव हवेतच ठेवला. "तुझं काम मला बावीस वर्षांत कळलं नाही," ती म्हणाली, "पण आजारी पडावं म्हणून वाट बघणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी झोप उडाली होती, भूक उडाली होती, आणि गंमत अशी की मी आनंदात होते. रस्त्याने चालताना आपोआप पावलं भरभर पडायची. रोज सकाळी काचघराचं दार पहिलं मीच उघडायची. अकरा वर्षांत मी शेकडो संकर केले होते, पण ते सगळे दुसऱ्यांनी सांगितलेले. हा डोंगरी गहू बियाणेपेढीच्या यादीत शोधून मी काढला होता, माझ्या हट्टापायी मागवला होता. तो खरा ठरला तर मी काहीतरी केलं असं म्हणता येणार होतं. नाही ठरला तर मी चिमटा चांगला धरते, एवढंच.

आठव्या दिवशी काचघराच्या मधल्या बाकावरच्या नाजूक जातीच्या कुंड्यांवर फिकट ठिपके आले. नवव्या दिवशी तिथे तांबडे फोड फुटले, बोट लावलं तर बोट रंगत होतं. पहिलवानाच्या कुंड्या स्वच्छ. आणि माझा ट्रे?

अडतीसच्या अडतीस रोपं स्वच्छ. एकावरही डाग नाही.

दोन विद्यार्थिनी आत आल्या, त्यांनी पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. "ताई, अभिनंदन! एकही आजारी नाही!" मला त्यांचे कान उपटावेसे वाटले. मी भिंग घेऊन एकेक पान पालथं करून पाहिलं. तीनदा पाहिलं. काही नाही. म्हणजे पहिलवान. झाडूत सापडणारा, डब्यात सापडणारा पहिलवान माझ्या पाकिटातही येऊन बसला होता, आणि मी त्याला डोंगराचा राजपुत्र समजून दोन हंगाम कौतुक करत होते. मी उपड्या बादलीवर बसले आणि चांगली रडले. मला राग आला होता, सगळ्यात जास्त त्या पेनाचा.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन आत्याला म्हणाले, "औषधवाल्याला नाही सांग. मी बसते."

आत्याला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. तिने गिऱ्हाइकाच्या केसाला लावायचा रंग तसाच ठेवला आणि मला मिठी मारली, माझ्या सदऱ्यावर तपकिरी पंजा उमटला. दुसऱ्या दिवशी तिने औषधवाल्याला नकार कळवला. तिसऱ्या दिवशी नवा फलक रंगवायला टाकला, त्यावर तिच्या नावाशेजारी माझं नाव. मी मान डोलवत होते. मनाशी म्हणत होते, काय वाईट आहे? माणसं आहेत, गप्पा आहेत, आत्याचं मनगट सुटेल. सगळं खरंच होतं ते. फक्त रस्त्याने चालताना माझी पावलं पुन्हा जड झाली होती.

काचघरात मी दोन दिवस पाऊल टाकलं नाही. टेबलाचे खण आवरत बसले. अकराव्या दिवशी चिमटेकाका दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा कोरी चिठ्ठी सापडली त्या दिवशी होता तसा होता.

"तुझा ट्रे दाराजवळच्या बाकावर कुणी ठेवला?"

"मीच. खिडकीतून इथून दिसतो म्हणून. येता-जाता बघता येतं."

"आणि तुलनेच्या कुंड्या मधल्या बाकावर?"

मी खिडकीतून ट्रेकडे पाहिलं.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!" ते कडाडले. "विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी काय शिकवतेस? ज्याची तुलना करायची ते शेजारी ठेवा. चल, उठ."

त्यांनी मला हाताला धरून नेलं. भिंतीवरचा तापमापक काढून आधी मधल्या बाकावर ठेवला, मग दाराजवळच्या. पाच अंशांचा फरक. लोक दिवसभर दार उघडत होते, आणि त्यात सगळ्यात जास्त मी, रोपं बघायला.

"गारठ्यात रोगही पांघरूण घेऊन पडून राहतो," चिमटेकाका म्हणाले. "तू नवव्या दिवशी निकाल लावलास. मधल्या बाकाचा नववा म्हणजे इथला बारावा-तेरावा. ट्रे इथेच राहू दे, आता हलवू नकोस. आणि दार उघडू नकोस."

मला काय वाटलं ते सांगू? आधी वाटलं, आता आत्याला काय तोंड दाखवू. आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, असा काही आनंद उसळला की मी चिमटेकाकांच्या खिशातला चिमटा काढून त्यालाच मिठी मारली. अजून काही झालेलं नव्हतं. तरीही संपलेलं नव्हतं!

बारावा दिवस मी काचघराच्या बाहेर उभी राहून काढला. जाणाऱ्या-येणाऱ्याला मागच्या दाराने पाठवत होते. एका वरिष्ठाने विचारलं, "आत काय बाळंतपण चाललंय?" मी हो म्हटलं.

तेराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एकदमच आत गेलो. ऊन तिरपं येत होतं. पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या रोपाकडे मी पाहिलं. पानावर तांबडा फोड. एकच नाही, ओळीने. त्याच्या शेजारचं स्वच्छ. त्याच्या पुढचं स्वच्छ. मग पुन्हा एक, गंजलेलं.

"बोलू नकोस," चिमटेकाका म्हणाले. "तू डावीकडून मोज, मी उजवीकडून. कागदावर लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही. हे घे."

त्यांनी मला पेन्सिल दिली.

मी मोजलं. एकेका पानाला भिंग लावून, पालथं करून मोजलं. दोन रोपांशी अडखळले, पुन्हा पाहिलं, फिकट ठिपके होते पण फोड नव्हते, म्हणजे रोगाने हल्ला केला होता आणि रोपाने परतवला होता. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. आम्ही कागद उलटे करून बाकावर ठेवले आणि एकदम पलटले.

माझ्या कागदावर दहा. त्यांच्या कागदावर दहा.

मी किंचाळले. अशी किंचाळले की पुरावेसाहेब त्यांच्या खोलीतून चष्मा हातात घेऊन पळत आले. त्यांना वाटलं कुणाला शॉक बसला. ट्रेकडे आणि बाकावरच्या आमच्या कागदांकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अरेरे. दहा गेली की."

"साहेब, दहा गेली! अडतीसांतली दहा!"

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते खाली वाकले. त्यांनी तिसरी मोजणी केली, बोट एकेका रोपावर ठेवत, ओठ हलवत. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. शेवटी ते सरळ झाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

"अडतीस भागिले चार म्हणजे साडेनऊ."

"अर्धं रोप आजारी पडत नाही, साहेब," मी म्हणाले.

ते हसले. पुरावेसाहेब हसले! चिमटेकाका नंतर शपथेवर सांगत होते की हे तिसऱ्यांदा झालं, पण मी तरी पहिल्यांदा पाहिलं. "हा पहिलवान नाही," ते म्हणाले. "पहिलवानाची सगळी वाचली असती. नशीबही नाही. अठ्ठावीस वाचलीत. अहवाल लिहा, मॅडम. पेनने चिठ्ठी लिहिल्याचंही त्यात लिहा. नव्या जागेसाठी नाव मी आजच पाठवतो."

त्या अठ्ठावीस रोपांत एक गहू जिवंत होता, जो मी हातातल्या शाईने पुसून टाकला असं मला वाटलं होतं. मला त्या आजारी दहांच्या पाया पडावंसं वाटलं. बिचारी मरणार होती, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांवर लोकांचा विश्वास बसणार होता. मी त्यांना खरंच "थँक यू" म्हणाले, मोठ्याने. कुणी हसलं नाही.

मग आत्या आठवली.

मी हात धुतले, काचघराचा कोट काढला आणि पळतच निघाले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. आत्या, मी हो म्हटलं होतं, पण. आत्या, तू नकार कळवलास खरा, पण. प्रत्येक वाक्यात पण येत होता आणि तरी माझे पाय थांबत नव्हते. एवढा आनंद आणि एवढी लाज एकाच वेळी माणसाच्या अंगात मावते हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानात एक बाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या, तोंडभर पांढरा लेप लावून. आत्या दुखऱ्या हाताने त्यांच्या कपाळावर ब्रश फिरवत होती. मला धापा टाकत आलेलं बघून ती म्हणाली, "आग लागली?"

"आत्या, दहा आजारी पडली."

"किती जणांतली?"

"अडतीस."

"हे चांगलं की वाईट?"

"चांगलं," मी म्हणाले, आणि तिथेच मला रडू फुटलं. "फार चांगलं. आत्या, मला कायमची जागा मिळतेय. मी तुला हो म्हटलं होतं. तू औषधवाल्याला नाही सांगितलंस. फलक रंगवायला टाकलास. मी आता कसं..."

आत्याने ब्रश वाटीत ठेवला. तिला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. डोळे पाण्याने भरले होते. तीस वर्षांचं दुकान होतं ते.

"औषधवाला रोज विचारतोय अजून," ती शेवटी म्हणाली. "त्याला आज सांगते."

"मी रविवारी येत जाईन. मी..."

"गप्प बस. ये इकडे." तिने मला दंडाला धरून आरशासमोर उभं केलं. "त्या दिवशी तू हो म्हणालीस ना, तेव्हा इथेच उभी होतीस. मी या आरशात तुझं तोंड बघितलं होतं. बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, कारण मला दुकान सोडवत नव्हतं. आत्ताचं तोंड तूच बघ."

मी पाहिलं. केस विस्कटलेले, नाकावर ओली माती, डोळे रडून लाल, आणि तोंड कानापर्यंत पसरलेलं. मिटेचना.

"हे तोंड मला खुर्चीमागे उभं करायचं नाही," आत्या म्हणाली. "जा. त्या आजारी पोरांचं काय ते बघ."

लेप लावलेल्या बाईंना चेहरा अजिबात हलवायचा नाही अशी ताकीद होती. त्या इतका वेळ डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. आता त्यांना राहवलं नाही, त्या हसल्या, आणि दोन्ही गालांवरचा लेप तडकला. आत्या त्यांच्यावर ओरडली, मग स्वतःच हसायला लागली, आणि डोळे पुसत मला म्हणाली, "थांब जरा. जायच्या आधी यांचा लेप तेवढा तू नव्याने लाव. माझं मनगट दुखतंय."

मी हात धुऊन वाटी घेतली.